न प्यालेली दारू

माझे वडील रत्नागिरीकडच्या नाटे बंदरात तांडेल होते. मालकाची नाव समुद्रात न्यायची, जाळं कुठे टाकायचं ते ठरवायचं आणि माणसं सुखरूप परत आणायची, हे तांडेलाचं काम. बाबांनी दारूला कधी हात लावला नाही. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. रत्नागिरीत राहून कॉलेज शिकलो ते त्यांच्या या न घेण्यातून वाचलेल्या पैशांवरच. पण संध्याकाळी बहुतेक जण थोडी घेतातच अशा बंदरात एखादा मुळीच घेत नाही, हे कुणाला फारसं पटत नसे.

आजार उजव्या हातापासून सुरू झाला. जाळं शिवताना हात ठीक असायचा. काम थांबवून मांडीवर ठेवला की कापायचा. पुढे पावलं घासत पडू लागली, आवाज खोल गेला, चेहरा लाकडासारखा झाला. धक्क्यावर लोक विचारायचे, "काय तांडेल, सकाळीच?" आधी बाबा हसण्यावारी न्यायचे. मग त्यांना हसूच येईना. लोक म्हणाले, राग येतोय म्हणजे खरंच असणार.

नावेचा मालक, ज्याला आम्ही नाखवा म्हणतो, एक दिवस घरी आला.

"माझी पोरं असतात रे नावेवर. पिऊन चालवायची नाय."

"मी घेत नाय, नाखवा."

"घेणारा असंच म्हणतो. देवीसमोर नारळावर हात ठेव आणि सोडली म्हण. मग माझं काय म्हणणं नाय."

आमच्याकडे देवीसमोर दिलेला शब्द म्हणजे शेवटचा शब्द. नाव हातची जाऊ नये म्हणून बाबा देवळात गेले आणि जी कधी घेतलीच नव्हती ती दारू त्यांनी सोडली. नारळावर ठेवलेला हात कापत होता. नारळ खालच्या दगडावर खडखडत राहिला आणि सगळे तिकडेच बघत राहिले. घरी येताना बाबा मला म्हणाले, "तेवढ्यानं गप्प बसतील."

कोणी गप्प बसलं नाही. हात कापायचा थांबला नाही, त्यामुळे बाबा आता नुसते दारुडे राहिले नाहीत; देवीला फसवणारे ठरले. सुकाणू दुसऱ्याकडे गेलं. बाबांच्या वाट्याला किनाऱ्यावर फाटकी जाळी आली.

मी त्यांना रत्नागिरीला नेलं. डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय काढायला लावला. रिपोर्ट बघून ते म्हणाले, "नॉर्मल आहे. दारू किती घेता?" बाबा रिपोर्ट घेऊन उठले. गावात नाखव्यानं रिपोर्टचं विचारलं तेव्हा त्यांनी खरं ते सांगितलं, नॉर्मल आहे. नाखवा धक्क्यावर सगळ्यांसमोर ओरडला, "मशिनीनंपण सांगितलं रे! डोक्यात काय नाय. जे हाय ते बाटलीत!" लोक पोट धरून हसले. त्यातले निम्मे आमच्या घरी जेवून गेलेले होते.

मला कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या सरांना मी हे सांगितलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनीच मुंबईतल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी बाबांना बोटं उघडमीट करायला लावली, चालायला लावलं, कोपरातून हात हलवून पाहिला आणि सांगितलं, "पार्किन्सन."

मी म्हटलं, "फोटोत दिसेल का?"

"तपासणीत स्पष्ट आहे. फोटोची मला गरज नाही."

"आम्हाला आहे," मी म्हणालो आणि गावातलं सगळं सांगितलं. त्यांनी वेगळ्या एका स्कॅनची चिठ्ठी लिहून दिली.

बाबांच्या हाताच्या शिरेत किरणोत्सर्गी औषधाचं इंजेक्शन दिलं. काही तासांनी त्यांना झोपवून डोकं पट्ट्यानं स्थिर केलं, आणि कॅमेरा त्यांच्या डोक्याभोवती सावकाश फिरला. मी बाबांना समजावलं, "एमआरआयमध्ये नाव दिसते. तिचं इंजिन चालतंय का, ते यात दिसतं." निरोगी मेंदूच्या आत खोलवर स्वल्पविरामासारखे दोन आकार उजळतात. बाबांच्या मेंदूत त्यांच्या शेपट्या विझल्या होत्या. दोन ठिपके उरले होते, डावा जास्तच मंद. उजव्या हाताची दोरी मेंदूच्या डाव्या बाजूला असते, असं डॉक्टर म्हणाले.

"हे दारूनं नाय ना?" बाबांनी विचारलं.

"नाही."

ते पडद्यावरच्या चित्राकडे बघत राहिले. त्यांच्या बाजूनं बोलणारं पहिलं कोणीतरी त्यांना भेटलं होतं.

तो फोटो नाखव्याच्या तोंडासमोर धरायचा, असं मी ठरवलं होतं. पण मला नोकरीवरून सुट्टी मिळेपर्यंत मुंबईच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या लागू पडल्या. हात निवला, पावलं मोकळी झाली. मी घरी आलो त्याच दिवशी नाखवा आमच्या पडवीत आला.

"सुटली बघ शेवटी! देवीनं तुला वळणावर आणलंन. सोमवारी ये नावेवर."

मी फोटो आणायला उठलो. बाबा म्हणाले, "तू बस."

नाखवा गेल्यावर मी भांडलो. "तुम्ही कधी प्यालाच नाहीत, हे कळू दे ना सगळ्यांना!"

"त्या फोटोत काय दिसतं?"

"आजार."

"मग आजारी माणसाच्या हातात नाव कोण देईल? सुटलेल्या दारुड्याला देतात."

बाबांनी नाव चालवली तर चालेल का, हे विचारायला मी मुंबईला डॉक्टरांना फोन केला. सध्या सोबत माणसं असतील तर चालेल, पुढे अवघड होत जाईल, असं ते म्हणाले. मी ते बाबांना सांगितलं. बाबांनी त्यातलं 'सध्या' तेवढं घेतलं.

सोमवारी मी त्यांना धक्क्यावर सोडायला गेलो. एक मासळीवाली तिच्या झिंगलेल्या नवऱ्याला दंडाला धरून पुढे घेऊन आली. "बघा जरा तांडेलांकडे! त्यांना जमलं, तुमाला काय धाड भरलीय? भावोजी, सांगा ओ यांना, कशी सोडलीत ती."

बाबांचा एक पाय नावेवर होता. आजूबाजूचे सगळे उत्तराची वाट बघत होते. मीही बघत होतो.

"पयले थोडे दिवस जड जातं," बाबा म्हणाले. "मग होते सवय."