गिटारची घरघर आणि अंगणातली फरशी

मंडळी, आज खरंच दमलोय. तीन महिने माझ्या इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजामागे अँप्लिफायरमधून सतत घरघर येतेय. केबल बदलली, गिटारच्या आत तांब्याची टेप चिकटवली, ट्यूबलाइट बंद ठेवून वाजवलं. फरक शून्य.

आज सगळं उचलून पूर्णगडला मित्राकडे नेलं. तिथे एकदम शांत.

म्हणजे दोष आमच्या घरात. वायरमन विजूदादांनी मीटर लावला. "अर्थिंग सुकलंय. जांभ्या दगडात पाणी टिकत नाय, रोज घालायला लागतं. खड्डा कुठाय?"

खड्डा मी तीन महिन्यांपूर्वी घातलेल्या फरशीखाली. आई तिथेच रोज तांदूळ धुतलेलं पाणी ओतायची. चिखल होतो म्हणून मीच तिच्यावर ओरडायचो.

आत्ता ती पातेलं घेऊन दारात उभी आहे. "आता ओतू ना रे?"

काय सांगू तिला?