रोपवन मी पेटवलं

“थूल मॅडम, पीओआर फाडा. शांताबाईच्या नावानं.”

रेंजरसाहेब जळलेल्या रोपवनात उभे राहून हे म्हणाले. पायाखालची राख थंडगार होती. पीओआर म्हणजे जंगलखात्याचा एफआयआर म्हणा. तो वनरक्षक फाडतो, आणि त्या बीटची वनरक्षक मी. बीट म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दिलेला जंगलाचा तुकडा. त्यात काहीही झालं तरी आधी माझी मान पकडतात.

“कशासाठी, सर?”

“आग लावली म्हणून.”

“पण सर, रोपवन तर मी पेटवलं.”

साहेबांनी मागे वळून पाहिलं. ऐकायला कोणी नव्हतं. “ते तुम्ही मला सांगितलंत. आता विसरा.”

झालं होतं असं. आदल्या दिवशी दुपारी डोंगरावरून वणवा उतरला. तो कोणी सुरू केला हे मला आजही माहीत नाही. वारा गावाकडे होता. जाळरेषा असती तर वणवा वरच मेला असता. जाळरेषा म्हणजे उन्हाळ्याआधी आपणच जाळून मोकळा ठेवलेला पट्टा. पुढे खायला काही मिळालं नाही की आग थांबते. त्या वर्षी आमची जाळरेषा फक्त फोटोत होती, आणि फोटोही मागच्या वर्षीचा. मी दोनदा आठवण करून दिली होती. “होऊन जाईल,” असं साहेब दोन्ही वेळा म्हणाले होते.

वणवा आणि गाव यांच्यामध्ये आमचं सागाचं नवं रोपवन होतं आणि त्याला लागून पांदण, म्हणजे बैलगाडीची वाट. पांदणीपलीकडे गोठे, कुटाराचे, म्हणजे गुरांच्या भुशाचे ढीग, मग घरं. रोपवनात कमरेएवढं वाळलं गवत. माझ्यासोबत गजानन होता, आमचा रोजंदारीवरचा फायर वॉचर. त्यानं वाऱ्याकडे पाहिलं.

“मॅडम, उलटी आग द्या लागते. नाई तं गाव गेलं समजा.”

उलटी आग म्हणजे येणाऱ्या वणव्याच्या तोंडासमोर आपण दुसरी आग पेटवायची. वणवा जवळ आला की तिला स्वतःकडे ओढून घेतो. दोन्ही आगी भेटतात, आणि जाळायला काही उरत नाही. वेळ चुकली तर पेटवणाराच जातो.

“काडी मी ओढतो,” गजानन म्हणाला.

“नाही. इकडे आण.”

रोजंदारीवाल्यानं काडी ओढली तर उद्या आरोपी तोच होणार, एवढं मला खात्यानं शिकवलं होतं. आणि आमच्यात एक जुना नियम आहे: ज्यानं काडी ओढली त्यानं राख थंड होईपर्यंत जागचं हलायचं नाही. मी पांदणीच्या कडेनं गवत पेटवत गेले. भुवया जळल्या. गोठे वाचले, रोपवन गेलं. दिवस मावळेपर्यंत मी तिथंच उभी होते, सगळ्या गावासमोर.

अडचण एवढीच की दोन दिवसांनी मोठे साहेब हेच रोपवन पाहायला येणार होते. म्हणून शांताबाई.

शांताबाई सत्तरीची, एकटी. तिच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर मोहाचं एक झाड आहे. फुलं वाळवून ती तळेगावच्या बाजारात विकते. फुलं पडायच्या आधी दरवर्षी ती झाडाखालचा पाला जाळते, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून तिचं नाव सोयीचं. मी गेले तेव्हा ती झाडाखाली फुलं वेचत होती.

“आजी, रोपवन जळलं त्यात साहेब तुमचं नाव घेऊन राह्यले.”

“माह्यं? आता काऊन जाळीन मी? फुलं पडून राह्यले खाली. राखेतले फुलं कोन घेते?”

“पाला कधी जाळला होता?”

“झाला ना महिना. पान्याची बादली घेऊन बसली होती, धूर सरेपर्यंत. त्याले सोडून जाते का कोनी?” मग तिचा आवाज उतरला. “मले कोर्टात नेते का वो, बाई?”

मला साहेबांचा नाही, स्वतःच्या वर्दीचाच राग आला. म्हटलं, “कोनी नाई नेत. मी हावो न.”

आग सुरू करायला आपल्याकडे शब्दांची कमी नाही. चूल पेटवतात, बिडी शिलगावतात, शेकोटी चेतवतात. बुद्धवंदनेच्या वेळी मी मेणबत्ती लावते. लावणं तसं वाईट नाही, पण त्याच्याआधी ‘आग’ आली की पोलीस येतात. हे सगळे शब्द सोडून साहेबांना तेवढाच हवा होता, आणि तोही म्हातारीच्या नावापुढे.

मोठे साहेब आले. रेंजरसाहेबांनी काळ्या रोपांकडे हात केला. “सर, मोहफुलवाल्यांनी आग लावली. पीओआर होतोय.”

“होत नाहीये,” मी म्हणाले.

रेंजरसाहेब लाल झाले. मोठे साहेब माझ्याकडे वळले. “म्हणजे?”

“वणवा वरून आला, सर. कोणी लावला माहीत नाही. हे रोपवन मी पेटवलं.”

“तुम्ही आग लावली?”

“लावली नाही, सर. पेटवली.”

“फरक काय?”

“लावनारा पळते, सर.” रागात माझी घरची बोली तोंडात आली, येऊ दिली. “मी विझेपर्यंत इथंच उभी होती. गावाले विचारा.”

“परवानगी घेतली होती?”

“नाही. फोनला रेंज नव्हती. असती तरी तुम्ही ‘हो’ म्हणेपर्यंत वणवा थांबला नसता. आणि जाळरेषा झाली असती तर काडी ओढावीच लागली नसती.”

मोठे साहेब पांदणीपलीकडच्या गोठ्यांपर्यंत चालत जाऊन आले. मग गाडीत बसले. मला शाबासकी वगैरे कोणी दिली नाही.

शांताबाईवर पीओआर फाटला नाही. मला मात्र कारणे दाखवा नोटीस आली आणि पाठोपाठ बदली, लाकडांच्या डेपोवर. माझ्या जागी आलेल्या पोरीला पुढच्या हिवाळ्यात जाळरेषा वेळेवर करून मिळाली. फोटोही ताजा काढला म्हणतात. नालवाडीतल्या माझ्या घरी शांताबाईचा निरोप आला, “मोह पडून राह्यला. येजो.”

नोटिशीत विचारलं होतं, “आपण रोपवनास आग का लावली?” ऑफिसातले सगळे म्हणाले, माफी लिही, विषय संपव. मी ‘लावली’वर काट मारली, ‘पेटवली’ लिहिलं. खाली उत्तर दिलं: गाव वाचवायला. सही करून कागद परत पाठवला. प्रमोशन अजून अडलंय. अडू द्या. काडी आपण ओढली असेल, तर राख थंड होईपर्यंत हलायचं नाही.