थोरलीची मंद आच

हाडं शिजवायची थोरलीने आणि वाहवा लुटायची धाकटीने! सासऱ्यांच्या कारखान्यात सहा वर्षं हेच चाललं होतं. मागच्या शेडमध्ये थोरली म्हशीची हाडं खरवडायची, साबणाच्या पाण्यात मंद आचेवर ठेवून त्यांची चरबी काढायची. डोक्यावरून न्हायली तरी केसांचा वास जायचा नाही. पुढच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात बसून धाकटी त्याच हाडांच्या फण्या कोरायची.

"काय हात आहे हो धाकट्या सूनबाईंचा!" असं गिऱ्हाईक म्हणालं, की इकडे थोरलीच्या अंगाचा तिळपापड. तशात एका बड्या दुकानदाराने धाकटीच्या फण्या काचेच्या कपाटात मांडायचं ठरवलं, वर नावाची पाटी लावून!

"आणि माझी पाटी कुठे लावणार? चुलीवर?" थोरली भांड्यालाच म्हणाली.

पाण्याला नुसती वाफ यावी, बुडबुडा फुटता कामा नये, हा सासऱ्यांचा पहिला धडा. हाड खळखळा उकळलं की खडूसारखं ठिसूळ होतं, दिसतं मात्र पांढरंशुभ्र. सगळं ठाऊक असून थोरलीने आच वाढवली. होऊ दे एकदाची फजिती!

दुकानदार आला, धाकटीची नवी फणी त्याने कौतुकाने केसांतून फिरवली. तीन दाते पटापट खाली.

सासऱ्यांचा चेहरा उतरला. थोरली दाराआडून बघत होती. पोटात कसं गार गार वाटलं तिला!

"माझाच हात चुकला, मामंजी," धाकटी रडवेली झाली. "करवत खोल गेली असेल. हाडात खोट नसणार. जाऊबाईंचं हाड आहे ते. त्यांच्या जिवावर तर मी इतके बारीक दाते पाडते."

दुकानदाराने पिशवीतून पाटी काढून वरचं वर्तमानपत्र सोडलं. "म्हणूनच या धाकट्या सूनबाईंनी हट्ट धरून दोघींची नावं घालायला लावली होती. पण असा माल मी कसा ठेवू, सांगा?"

थोरली धडपडत पुढे आली. पाटीवर पहिलं नाव तिचं होतं.

"हिचा हात नाही चुकला," ती म्हणाली. "आच मी वाढवली. मुद्दाम."

धाकटी खाली बसून तुटलेले दाते वेचू लागली. दुकानदाराने पाटी पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली आणि चपला घातल्या.