हरिचंद्र जिवंत असल्याचा पुरावा

पालेगावचा हरिचंद्र पिक्चरमध्ये मरायचा. तेच त्याचं काम. नदीत तरंगणारं प्रेत, दंगलीत पडलेलं प्रेत, चादरीखालचं प्रेत. नाकावर माशी बसली तरी गडी हलायचा नाही, म्हणून शूटिंगवाले त्यालाच बोलवायचे. एरवी मात्र भलताच बोलका. रिक्षात बसला की उतरेपर्यंत रिक्षावाल्याला आपले सगळे मृत्यू ऐकवायचा.

अख्खा गाव त्याला पडद्यावर बघून आला होता. बघितलं नव्हतं ते एकट्या कौसाबाईने, त्याच्या बायकोने. "जित्या दादल्याचं मढं बघायला मी तिकीट काढू? अभद्र कुठलं!" हरिचंद्र हसण्यावारी न्यायचा, पण मनातून त्याला फार लागायचं. घरच्याच माणसाने बघितलं नाही, तर ते गावाचं कौतुक काय चाटायचंय?

यंदा नशीब फळफळलं. हवालदाराचं काम मिळालं, तेही जिवंत हवालदाराचं! वर एक वाक्य: "साहेब, गाडी पुढे घ्या." कौसाबाईने अट घातली, "आधी मोबाइलवर दावा, तुमी जिते हाव ते. मग येते."

थिएटरात पिक्चर असा मोबाइलवर उतरवणं गुन्हा आहे, हे काय त्याला माहीत नव्हतं? पण स्वतःचंच तोंड चोरायला कसली आलीय चोरी! उल्हासनगर कॅम्प दोनच्या थिएटरात त्याने आपला सीन येताच हळूच मोबाइल वर केला, आणि घरी येऊन ऐटीत बायकोपुढे धरला.

कौसाबाई किंचाळलीच. हवालदाराचं तोंड जांभळंनिळं, वर आडवे पट्टे. "अवो, ह्यो तर साप चावून मेलेला हाय!"

"अगं, बोलतोय की!"

"भूत पन बोलतं!"

दुसऱ्या दिवशी हरिचंद्र तणतणत थिएटरच्या मॅनेजर सोनियाकडे गेला. "तुमच्या पडद्याने माझं तोंड बिघडवलं!"

"काका, पडद्यामागे नवीन मशीन बसवलंय," सोनिया म्हणाली. "त्याचा उजेड डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. चोरून शूटिंग करणाऱ्याची पुरती वाट लागते. आणि तुम्ही स्वतःच सांगायला आलात?"

सोनियाने क्लिप तिथल्या तिथे डिलीट करायला लावली. पण सगळी हकिगत ऐकून पोरगी इतकी हसली, की तिनेच कौसाबाईला फोन लावून मशीनचं समजावलं. "काकी, डोळ्याने बघायला या. काका एकदम फ्रेश दिसतात."

कौसाबाई दुपारच्या शोला आली. एक गोष्ट मात्र हरिचंद्राने तिला सांगितली नव्हती. ते वाक्य बोलून झालं की लगेच हवालदाराला गोळी लागते. त्याआधी बायकोला बाहेर काढायचं, असा लबाडाचा बेत.

सीन आला. पदराआडून बघणाऱ्या कौसाबाईने पदर सोडला. "अगो बाय, कसं रुबाबात बोलता!"

"झालं, चल. समोसा खाऊ."

"थांबा हो, आजून बोलाल."

"नाय बोलत, चल ना!"

धाड! हवालदार कोसळला. हरिचंद्राने घाबरून डोळे मिटले. आता ही ओरडणार, उठून जाणार, सगळं मुसळ केरात.

तेवढ्यात कौसाबाईने त्याच्या दंडाला असा करकचून चिमटा काढला की तो "आई गं!" करून बोंबललाच. त्या एका वाक्यापेक्षा कितीतरी मोठ्याने.

"ए, शांत बसा ना!" मागून कोणीतरी खेकसलं.

त्याचा दंड तसाच धरून कौसाबाई मागे वळली. "वरडतोस कोनाला रे? आता मेला ना, तो ह्योच. माझा जिता दादला हाय!"