पांढरं पॅड

गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत सीटकव्हरं शिवणारा हा माणूस कुणाच्याही गाडीत बसताना चपला बाहेर काढायचा. हातातला टाका पुरा झाल्याशिवाय कुणाला उत्तर द्यायचा नाही. मला त्याचा राग यायचा, कारण मला कायम घाई.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि त्यातच दुष्काळ. दवाखान्याच्या कामासाठी मी जुनी फियाट घेऊन पार जळकोटपर्यंत जायची. उन्हाने डॅशबोर्डचं काळं पॅड तडकलं. नवं पांढऱ्या रेक्झिनचं करा, म्हणजे तापणार नाही, असं मी त्याला सांगितलं.

त्याने टाका संपवला. "पांढरं न्हाई बसवत, बाई."

"गाडी माझी आहे."

"हाव, तुमचीच हाय. बसा आत."

मी स्टिअरिंगमागे बसले. चपला काढून तो शेजारी बसला आणि खांद्यावरचा पांढरा पंचा त्याने डॅशबोर्डवर पसरला. गाडी भर उन्हात होती, समोरची गल्ली सावलीत. समोरच्या काचेत नुसतं पंच्याचं प्रतिबिंब चमकू लागलं.

थोड्या वेळाने बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत त्याने विचारलं, "समोरून कोण गेलं?"

"कोणी नाही."

"उतरून बघा."

उतरले. टँकरकडे निघालेल्या दोन बाया घागरी घेऊन आमच्या पुढूनच गेल्या होत्या, अजून चार पावलांवर होत्या. त्यातली एक माझीच पेशंट होती, सातव्या महिन्यातली.

"काळंच बसवा," मी म्हणाले.

तो पुन्हा शिवायला बसला होता. टाका पुरा झाल्यावर म्हणाला, "हाव."