मागच्या तंबोऱ्याचा आवाज

सोलापूरच्या धुळीशी सरोजिनीबाईंचा उभा दावा होता. घरात मिक्सरला खोळ, टीव्हीला खोळ, शिलाई मशीनला खोळ. सोलापुरी चादर विरली की तिची खोळच व्हायची. मी एका जागी फार वेळ बसत नाही तो त्या भीतीनंच, असं त्यांचे यजमान कमलाकरराव आल्या-गेल्याला सांगत.

कमलाकरराव जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. गाण्याचं वेड त्यांना बायकोनं लावलं. सरोजिनीबाई अठरा वर्षं महादेवप्पा बुवांच्या मागं तंबोरा घेऊन बसल्या. बुवा अक्कलकोटकडचे, शिकवायचे मराठीत, रागवायचे कानडीत. शेवटच्या बैठकीत त्यांचा गळा थकला, तेव्हा त्यांनी मागं वळून नुसती मान हलवली आणि सरोजिनीबाई चार आवर्तनं एकट्या गायल्या. आयुष्यात तेवढंच. पुढं बुवा गेले आणि तंबोरा गवसणीत जाऊन कोपऱ्यात उभा राहिला.

त्या बैठकीची टेप कमलाकररावांनीच केली होती. पण माइक बुवांपुढं होता, त्यामुळं घरच्या डेकवर त्या जागी तबला आणि कुणाचा तरी खोकला, एवढंच ऐकू यायचं. मी गायलेच नाही, तुम्हाला भास झाला, असं सरोजिनीबाई म्हणायच्या. म्हणता म्हणता त्यांना स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

अलीकडंच कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, सरोजिनीबाईंचं ऐकणं कमी होत चाललंय, बारीक आवाज आधी जातील. कान आहेत तोवर हिला हिचा आवाज ऐकवायचा, हे कमलाकररावांनी मनाशी धरलं. मुलगी उत्कर्षानं टेप पेन ड्राइव्हवर उतरवून दिली, ती खिशात घालून ते सात रस्ता चौकातल्या स्पीकरच्या दुकानात गेले.

दुकानातल्या सोनालीनं आधी सगळ्यात मोठे स्पीकर लावले. काचा थरथरल्या.

“काका, ह्येचा बेस लई भारी हाय बघा की.”

“बेस राहू दे, बाळ. मला मागचा तंबोरा ऐकायचाय.”

मग त्यांनी तिला स्पीकर भिंतीपासून पुढं ओढायला लावले आणि स्वतः समोर स्टुलावर डोळे मिटून बसले. एका जोडीत बुवा पाण्याच्या टाकीतून गात होते. दुसरीत तबलजीनं सगळी बैठक बळकावली होती. चौथी जोडी लहान, लाकडी. तिला फारसं गिऱ्हाईक नाही, असं सोनालीच म्हणाली. तिच्यात तंबोऱ्याच्या चारी तारा सुट्या ऐकू आल्या आणि तबल्याच्या आडून एक बारीक, जरासा भ्यालेला आवाज वर आला. कमलाकररावांचे डोळे भरले. परक्या पोरीसमोर त्यांना लाज वाटली, पण त्यांनी ते पुसले नाहीत.

“कोन हाय ओ काका ती?”

“आमच्या घरातली.”

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी सरोजिनीबाईंना खुर्चीत बसवलं. पण सकाळी ते भाजीला गेले तेवढ्यात बाईंनी दोन्ही नव्या स्पीकरना चादरीच्या खोळी शिवल्या होत्या, कडेला लाल पट्टीसुद्धा. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी सुईत दोरा ओवून. त्या खोळी काढ म्हणायचं कमलाकररावांच्या जिवावर आलं. त्यांनी तसंच लावलं. तबला आला, खोकला आला. बाकी काही नाही.

“बघा, भासच होता तुमचा,” म्हणत त्या उठायला लागल्या.

कमलाकररावांची नजर जुन्या डेककडं गेली. त्यालाही खोळ. तीस वर्षं तो खोळीतच वाजला. लावताना बटणांपुरती ती वर दुमडायची, इतकंच. बाईनं स्वतःच्या हातानं स्वतःचा आवाज झाकून ठेवला होता. त्यांना हसू आलं आणि रडूही. पण ते तिला कधीच सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

“सरू, दोन मिनिटं बस.”

त्यांनी दोन्ही खोळी काढल्या, नीट घडी घालून तिच्या मांडीवर ठेवल्या आणि पुन्हा लावलं.

तारा झंकारल्या तशी सरोजिनीबाईंची बोटं त्या घडीवर आपोआप फिरू लागली. मग तो आवाज आला. त्या रडल्या नाहीत. कपाळाला आठी घातली.

“निषाद उतरलाय,” त्या म्हणाल्या. “परत लावा.”

दुसऱ्यांदा ऐकून त्यांनी पुन्हा लावायची खूण केली. तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा त्यांनी कोपऱ्याकडं पाहिलं.

“अहो, तंबोऱ्याची गवसणी काढता का? तारा बदलाव्या लागतील.”

कमलाकरराव लगबगीनं गेले. गवसणीची गाठ काही सुटेना; त्यांना ती नीट दिसतच नव्हती.