दोन पत्त्यांचा सर्व्हर आणि माझी जाऊ

माझी धाकटी जाऊ पुण्याच्या एका कंपनीचं काम शेलूबाजारच्या आमच्या घरी बसून करते. तिच्या खोलीचं दार लागलं, की सासूबाई टीव्ही बंद करतात. अंगणात कोणी मोठ्यानं बोललं तर त्याला दटावतात, "लहानी मीटिंगमधी हाये." मी सकाळी डबा भरून कारंजाची एसटी पकडते आणि ती चुकली तर जीपमध्ये अंग चोरून बसते. कारंजातल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे कॉम्प्युटर आणि सर्व्हर सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. शेजारणीनं विचारलं, मोठी काय करते, तर सासूबाई सांगतात, "रक्त तपासतेत ना, तिथं हाये."

आम्हा दोघींचं शिक्षण जवळपास सारखं. ती घरात आली तेव्हा मला वाटलं होतं, चला, बोलायला कोणी मिळालं. पण तिचा चहा खोलीत जायला लागला आणि माझं मन आंबत गेलं.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत लॅबमध्ये तापाच्या रुग्णांची गर्दी होती. लॅबची दोन केंद्रं आहेत, एक मंगरूळपीरला आणि एक आमच्या शेलूबाजारला. तिथं रक्त घेतात, कारंजात तपासतात आणि रिपोर्ट केंद्रावरच्या कॉम्प्युटरवर उघडतो. इंटरनेटची जुनी लाइन सारखी मंदावायची, म्हणून डॉक्टरांनी दुसरी घेतली. तिच्यासाठी मी सर्व्हरला दुसरं नेटवर्क कार्ड बसवलं, इंटरनेटवरचा नवा पत्ता दिला आणि शेलूबाजारचं केंद्र त्या पत्त्यावर नेलं. मंगरूळपीर जुन्यावरच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मंगरूळपीरचं चालू आणि शेलूबाजारचं बंद. केंद्रावरची बाई आमच्याच गल्लीतली. तिनं मला फोन केला आणि घरी जाऊन सासूबाईंनाही सांगितलं. थोड्या वेळानं सासूबाईंचा फोन आला.

"लोकं रिपोर्टसाठी बसून राह्यले म्हने. तुले जमत नसन तं लहानीले इचार ना."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. तिला विचारायचं नाही, एवढं मात्र त्याच क्षणी ठरलं.

सर्व्हर तर ठणठणीत चालू होता. नव्या लाइनवाल्याला बोलावलं, तो लाइन चांगली असल्याचं दाखवून गेला. वायर बदलली. बाहेरच्यांना अडवणारी सुरक्षा थोडा वेळ उघडी ठेवून पाहिली. काहीच फरक नाही. डॉक्टर दोनदा दारात येऊन उभे राहिले आणि अकोल्याहून कोणाला बोलवायचं का, असं हळूच विचारून गेले. मी हातानं काम करत होते, पण डोळ्यांपुढे जावेची ती खोली होती, पंखा, बंद दार, आणि आतून ऐकू येणारं तिचं ते भराभर बोलणं.

शेवटी चिडून मी जुन्या लाइनची वायरच उपसली. लगेच शेलूबाजारहून फोन, उघडलं. वायर परत लावली, तर पुन्हा बंद. म्हणजे दोन्ही लाइनी एकेकट्या चांगल्या होत्या, एकत्र आल्या की बिनसत होतं. मग मी दोन्ही कार्डांवरची ये-जा पडद्यावर लावून शांतपणे बघत बसले. शेलूबाजारची मागणी नव्या कार्डातून नीट आत येत होती, पण सर्व्हर तिचं उत्तर जुन्या कार्डातून बाहेर पाठवत होता. त्याच्या यादीत बाहेर जायची पहिली वाट जुनी होती, आणि ती चालू असेपर्यंत तो दुसरीकडे वळतच नव्हता. विचारलं एका पत्त्याला आणि उत्तर येतंय भलत्याच वाटेनं, म्हटल्यावर ते मधेच टाकून दिलं जात होतं. मी नव्या पत्त्यासाठी वेगळी वाट लिहिली. ज्या पत्त्यावर विचारणा येईल, तिचं उत्तर त्याच लाइनीतून जाईल, असा नियम घातला. दोन्ही केंद्रं चालू झाली. डॉक्टरांनी चहा मागवला.

परतताना एसटीत मला स्वस्थ बसवेना. हे कोणाला तरी सांगायचं होतं. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं "झालं ना मंग" म्हटलं असतं. घरात हे कळणारं माणूस एकच होतं, आणि तेच मला नको होतं. तरी घरी पोचल्यावर मी तिच्या दारापाशी थांबले. तिचा कॉल संपला, तिनं दार उघडलं. मी सुरुवात केली की सर्व्हरला दोन पत्ते दिले आणि नवाच चालेना.

"उत्तर जुन्या कार्डातून जात असन, ताई," ती म्हणाली.

माझा अख्खा दिवस तिनं एका वाक्यात संपवला. "तेच होतं, केलं दुरुस्त," एवढं म्हणून मी भाजी चिरायला बसले. विळीवर हात जरा जोरातच चालत होता.

सासूबाईंनी आमचं बोलणं ओसरीतून अर्धवट ऐकलं होतं. केंद्रावरची बाई आली तेव्हा त्या तिला सांगू लागल्या, "लहानीनं सांगतलं, तवा मोठीच्या ध्यानात आलं." खोलीतून जाऊच बाहेर आली.

"नाही आई, ताईनं आधीच दुरुस्त केलं होतं. मले तं नुसतं ऐकून म्हनता आलं. तिथं उभं राहून शोधनं लय कठीन राह्यते."

सासूबाई म्हणाल्या, "असं काय," आणि दूध बघायला उठल्या. मला बरं वाटायला हवं होतं. उलट वाटलं, हुशार तर आहेच, वरून चांगलीही आहे. हिच्यावर नीट रागावताही येत नाही.

पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, एकदा तुमचा सर्व्हर दाखवा. तिनं इतकी वर्षं सर्व्हरवरच काम केलेलं, पण ते सगळे कुठं तरी दूर, तिला फक्त पडद्यावर दिसणारे. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं कारंजाला गेलो. लॅबमागच्या त्या अरुंद खोलीत ती दारातच उभी राहिली, वायरींचे दोन रंग बघितले, कोणती लाइन कोणाची ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "हात लावू का?"

"लाव," मी म्हटलं. पण मी तिच्या आणि सर्व्हरच्या मधे उभी होते, आणि तिथून हलले नाही.